वैनगंगेपलीकडचे दोन उन्हाळे

पूर्व विदर्भात सालगड्याचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. मागचा हिशेब चुकता होतो, नवा सौदा ठरतो, कोण कोणाच्या वावरात राबणार ते पक्कं होतं. २०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभरातली टाळेबंदी सुरू झाली. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टीव्हीवरून २१ दिवस घराचा उंबरठा ओलांडू नका असं सांगितलं होतं. भंडारा जिल्ह्यात तोवर कोविडचा एकही रुग्ण सापडलेला नव्हता. उन्हाळी धान बांध्यांमध्ये हिरवागार उभा होता आणि त्याला पाणी हवं होतं. मोहाची फुलं टपकत होती. उंबरठा न ओलांडून भागणार नव्हतं.

करडी हे मोहाडी तालुक्यातलं गाव. तालुक्याच्या मधून वैनगंगा वाहते. मोहाडीचं तहसील कार्यालय एका तीरावर, तर करडी, पालोरा, मुंढरी, जांभोरा ही गावं दुसऱ्या तीरावर. करडीत पोलीस ठाणं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांची बारीकसारीक कामं तिथंच उरकतात. दाखल्यांसाठी मोहाडी, लग्नाच्या खरेदीसाठी तुमसर नाहीतर भंडारा, आणि आजार हाताबाहेर गेला की नागपूर, असा इथल्या कुटुंबांचा ठरलेला नकाशा. एरवी हा नकाशा कोणाच्या लक्षातही येत नाही. २३ मार्चला राज्यानं जमावबंदी लावली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, एसटी थांबली, रेल्वे तर त्याच्या आदल्या दिवशीच थांबली होती. मग प्रत्येक घराला कळलं की आपलं रोजचं जगणं किती फेऱ्यांवर उभं आहे.

झळ पहिल्यांदा बसली ती पानठेल्याला. विदर्भात खर्रा हा प्रकार काय आहे हे बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून तयार होणारी ही पुडी गावातल्या कितीतरी माणसांच्या सकाळची सुरुवात असते. ठेले बंद झाले, थुंकण्यावर दंड आला, आणि खर्रा मागच्या दारानं, चढ्या भावानं मिळू लागला. सुपारी कुठून आणायची हा प्रश्न काही दिवस तांदळाच्या प्रश्नापेक्षा मोठा होता. तेव्हा सगळ्यांनी त्यावर विनोद केले. पण ज्या बायकांना घरातली चिडचिड सोसावी लागली, त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसणार.

तांदळाचं म्हणाल तर तो मुबलक होता. एप्रिलपासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी पाच किलो तांदूळ फुकट सुरू झाला, तोही नेहमीच्या रेशनव्यतिरिक्त. केशरी कार्डवाल्यांना मे आणि जूनमध्ये ८ रुपये किलोनं गहू आणि १२ रुपये किलोनं तांदूळ मिळाला. शाळा बंद म्हणून पोषण आहाराचा कोरडा शिधा पोरांच्या घरी पोचला, त्यातही तांदूळच. म्हणजे धान पिकवणाऱ्या घरात स्वतःचा तांदूळ, रेशनचा तांदूळ आणि शाळेचा तांदूळ असे तीन ढीग, आणि तेल, तिखट, चहापत्ती, साबण यांची मात्र ओढ. योजनेतली डाळ उशिरा आली. तोवर लाखोळीची डाळ आणि वड्या यांनी घरं तारली. मार्च-एप्रिलमध्ये बाया वड्या, पापड, कुरोड्या घालतातच. त्या वर्षी वाळवणाला हातही जास्त होते आणि वाळवण्याची निकडही जास्त होती.

रेशन दुकानातली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. गेली काही वर्षं धान्य घ्यायचं तर यंत्रावर अंगठा लावावा लागे. राबणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, म्हाताऱ्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही, मग दोन-दोन चकरा पडतात. संसर्गाच्या भीतीनं सरकारनं लाभार्थ्याचा अंगठा तात्पुरता माफ केला. दुकानदारानं स्वतःचा अंगठा लावून धान्य द्यायचं असं ठरलं. वर्षानुवर्षं तक्रारी करून जे झालं नव्हतं, ते विषाणूनं एका आठवड्यात करून दाखवलं.

पैशांची रांग वेगळी होती. जनधन खातं असलेल्या बायांना एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये मिळणार होते. गर्दी टाळायला बँकांनी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहून दिवस वाटून दिले: ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ ला दोन आणि तीन, आणि असं करत ९ एप्रिलला आठ आणि नऊ. ज्या बाईनं पासबुक आजवर नवऱ्याच्या नाहीतर लेकाच्या हातात दिलं होतं, तिला आता आपल्या खात्याचा शेवटचा आकडा पाठ झाला. बँकेसमोर चुन्यानं गोल आखलेले. उन्हाचा कडाका असा की गोलात माणूस कमी आणि चपला, पिशव्या, दगडच जास्त. माणसं पलीकडे झाडाखाली, एकमेकांना खेटून. नियम पाळले गेले, फक्त चपलांकडून.

फटफटीवर दोघं दिसले की पोलीस अडवत, आणि म्हणून बाहेरचं काम घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात पडलं. बहुतेक घरांत तो तरुण मुलगा होता, कारण त्याला गाडी येत होती आणि मोबाइलही. सगळ्या आळीच्या चिठ्ठ्या घेऊन तो निघायचा: आजीची रक्तदाबाची गोळी, शेजारच्या काकाजींचं बियाण्याचं काम, कोणाचं रिचार्ज. उज्ज्वला योजनेचे तीन सिलिंडर फुकट मिळणार होते, त्याचे पैसे खात्यात आले की नाही हेही त्यानंच पाहायचं. गावाचा सगळा कारभार विशीतल्या पोरांवर येऊन पडला होता. त्याच पोरांना एरवी ‘दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसते’ म्हणून बोलणी खावी लागत.

टाळेबंदीचा हुकूम सगळ्यात कमी लागू पडला तो मोहाच्या झाडाखाली. करडीच्या एका अंगाला कोका अभयारण्याचं जंगल आहे. २०१३ मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मार्चअखेर ते एप्रिल हा मोह वेचण्याचा काळ. फुलं रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून माणसं अंधारातच निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून साफ केलेला असतो, म्हणजे फिकट पिवळं, रसरशीत फूल मातीवर चटकन दिसतं. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे वहिवाटीनं ठरलेलं. टोपल्या, बादल्या, पोरंबाळं, म्हातारी माणसं असा सगळा ताफा. कंबरेतून वाकून वेचायचं, ऊन चढायच्या आत घरी यायचं, अंगणात फुलं पसरायची. दोन-तीन दिवसांत ती तांबूस होऊन आकसतात आणि साऱ्या घराला गोडसर, आंबूस वास लागतो. माणसामाणसात अंतर राखायला इथं कोणाला सांगावं लागत नव्हतं. झाडंच लांब लांब उभी असतात. भीती होती ती बिबट्याची आणि अस्वलाची, आणि ती दरवर्षीचीच.

अडचण पुढं आली. आठवडी बाजार बंद, व्यापाऱ्याची गाडी येईना, त्यामुळे वाळलेली फुलं घरातच पडून राहिली. ज्यांना रोख पैशांची घाई होती त्यांनी पडेल भावानं विकली. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम मात्र सुरू झाला. वनोपज गोळा करायला एप्रिलच्या मध्यापासून केंद्रानं सूट दिली होती. ७० पानांचा पुडा बांधत अख्खं घर ओसरीत बसायचं. रोजगार हमीची कामं २० एप्रिलनंतर हळूहळू उघडली, आणि १ एप्रिलपासून मजुरी २०६ रुपयांवरून २३८ झाली होती. या तीन गोष्टी नसत्या, तर पहिल्या उन्हाळ्यात तांदळानं भरलेल्या घरांकडेही मीठ-मिरचीला पैसा उरला नसता.

रोग आला तो एप्रिलच्या शेवटी. २७ एप्रिल २०२० ला भंडारा तालुक्यातल्या गराडा गावातली एक महिला बाधित असल्याचं निष्पन्न झालं. जिल्ह्याचा हा पहिला रुग्ण. नमुने तेव्हा नागपूरला जात, आणि अहवालाची वाट पाहताना सगळा जिल्हा श्वास रोखून होता. केंद्राच्या यादीत भंडारा नारिंगी पट्ट्यात गेला. शेजारचा गोंदिया हिरव्यात राहिला. रंगांची ही विभागणी पोरांनाही तोंडपाठ झाली.

मे महिन्यात पुण्या-मुंबईहून आणि तेलंगणातून माणसं परतू लागली. पूर्व विदर्भातले कितीतरी मजूर फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरची तोडायला तेलंगणात जातात. ते तिथंच अडकले होते. राष्ट्रीय महामार्गावरून छत्तीसगड-ओडिशाकडे पायी निघालेले जथे भंडाऱ्यातून, साकोलीवरून पुढं जात होते. करडीसारख्या आडरस्त्याच्या गावांत हे जथे आले नाहीत. तिथं आली ती आपलीच पोरं. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती यांच्या समितीनं त्यांना १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं, असा शिरस्ता पडला. ज्या वर्गात पोरगा पाढे शिकला, त्याच वर्गात तो आता सतरंजी टाकून झोपला होता. आई डबा घेऊन फाटकापर्यंत यायची, डबा ठेवून मागं सरायची. गावांनी आपल्या माणसांना जेवू घातलं हे खरं, पण काही ठिकाणी वेशीवर बांबू आडवे टाकून परतणाऱ्यांना शिवारातच थांबवलं हेही खरं. मागोवा घेताना दुसरी गोष्ट गाळली जाते. ती गाळू नये.

लग्नसराई या सगळ्यात सापडली. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, लग्नं उन्हाळ्यातच होतात. धानाचे पैसे हातात असतात, शेतीचं काम हलकं असतं. ५० माणसांची अट आली. इथं नुसती भावकीच दीडशेची भरते, तर मांडवात घ्यायचं कोणाला? पुष्कळांनी तारखा पुढं ढकलल्या. काहींनी अंगणात, चार पाहुण्यांत उरकलं आणि वाचलेल्या पैशांतून मोटरपंप घेतला. जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशातल्या बालाघाटला भिडलेली. तिकडं दिलेल्या लेकींना त्या वर्षी माहेरचा आंबा काही मिळाला नाही. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती लोकांनी दारात दिवे लावून, घरातल्या फोटोसमोर साजरी केली. १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेबांनी भंडाऱ्यातूनच लढवली होती. त्या जिल्ह्यात जयंती मिरवणुकीविना जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

घरात बसलेल्या पोरांची गोष्ट पहिले काही दिवस मजेची होती. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द, दहावीचा भूगोलाचा पेपरच झाला नाही, दूरदर्शनवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा लागलं. सलून २८ जूनपर्यंत बंद होती. त्यामुळे घराघरांत कात्री निघाली आणि अर्ध्या गावाच्या डोक्यांवर पायऱ्या-पायऱ्या दिसू लागल्या. शहाण्यांनी सरळ टक्कल केलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरचा पारा ४७ अंशांना टेकला आणि त्याच आठवड्यात टोळधाड आली. पारशिवनीकडून निघालेले टोळ तुमसर तालुक्यातल्या टेमणी शिवारात उतरले. रात्री अग्निशमनाच्या बंबांनी झाडांवर औषध फवारलं गेलं. उन्हाळी धान बहुतेक कापणीला आलेला किंवा पुंजण्यांत रचलेला होता, म्हणून मोठं संकट टळलं. तो धान विकायला मात्र घाम फुटला. बंगालमधल्या तागाच्या गिरण्या टाळेबंदीत बंद राहिल्या होत्या, त्यामुळे देशभर बारदान्याची टंचाई. १,८१५ रुपये क्विंटल हा हमीभाव कागदावर ठीक होता. पोती नसतील तर माप कसं व्हायचं? पावसाचे ढग दिसू लागले तरी धान खळ्यावर ताडपत्रीखाली पडलेला होता. त्यात जूनमध्ये तीन महिन्यांचं वीजबिल एकदम आलं, कारण मीटरचं वाचनच झालं नव्हतं.

मधल्या महिन्यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर निसर्गानं आणि माणसानं कसूर ठेवली नाही. ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला आणि अंतर राखा म्हणून सांगितलेली माणसं निवाऱ्याच्या खोल्यांत एकत्र कोंबली गेली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. भंडाऱ्याचं नाव जगभरच्या बातम्यांत झळकलं ते असं. तीनच महिन्यांनी साऱ्या जिल्ह्याला त्याच रुग्णालयाच्या दाराशी उभं राहायचं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात गावानं नियम पाहिले, रोग फारसा पाहिलाच नाही. जिल्ह्यातला पहिला मृत्यू झाला तोच मुळी १२ जुलैला. त्यामुळे २०२१ चा मार्च उजाडला तेव्हा लोक निर्धास्त होते. लांबलेली लग्नं मांडवात उभी राहिली होती. आणि मग एप्रिल आला. १२ एप्रिल २०२१ ला एका दिवसात जिल्ह्यात १,५९६ नवे रुग्ण नोंदले गेले. १८ एप्रिलला उपचाराधीन रुग्ण १२,८४७ होते. १ मे, महाराष्ट्र दिन. त्या दिवशी ३५ मृत्यू. बारा लाख वस्तीच्या जिल्ह्याला हे आकडे पेलणारे नव्हते. ‘आजार हाताबाहेर गेला की नागपूर’ हा जुना नकाशा फाटला, कारण नागपूरलाच खाटा नव्हत्या.

या उन्हाळ्यातल्या फेऱ्या वेगळ्या होत्या. किराण्याची दुकानं सकाळी ७ ते ११, लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास. पण आता कोणी पिशवी घेऊन हिंडत नव्हतं. हिंडत होते ते ऑक्सिजनसाठी, रेमडेसिविरसाठी, छातीच्या स्कॅनसाठी. ‘स्कोर किती?’ हा प्रश्न आधी क्रिकेटचा होता, आता तो स्कॅनचा झाला. खेड्यांत ताप आला की टायफॉइडच म्हणायचा प्रघात पडला होता. तपासणी केली तर उचलून नेतील, वाळीत टाकतील, ही धास्ती. त्यात शाळेतल्या त्या १४ दिवसांची आठवण ताजी. गेल्या वर्षी भीतीनं जे कडक वागलो, त्याची किंमत या वर्षी लपवाछपवीच्या रूपानं मोजावी लागली.

गोडेतेलाचा भाव वर्षभरात जवळपास दीडपट झाला. राज्यात पेट्रोल कित्येक ठिकाणी शंभरी ओलांडून गेलं. धान्य खरेदी पुन्हा अडली, कारण खरिपाचा धान भरडाईविना गोदामांत तसाच पडून होता. रिकाम्या शाळा धान साठवायला वापरण्याची वेळ आली; पोरं मात्र शाळेबाहेरच. एक बरी गोष्ट घडली: मे महिन्यात राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे जुने निर्बंध उठवले. पहाटे मोह वेचणारी बाई कायद्याच्या नजरेत संशयित राहिली नाही.

लसीचं प्रकरण पुन्हा पोरांच्या हातात आलं. ४५ वर्षांवरच्यांना १ एप्रिलपासून लस होती, आणि तिच्याबद्दलच्या अफवाही तितक्याच. १८ ते ४४ वाल्यांना मेपासून ऑनलाइन नोंदणीची अट. नेटवर्कसाठी गच्चीवर नाहीतर तलावाच्या पाळीवर चढून मोबाइल उंचावायचा, ओटीपी यायच्या आत वेळ संपायची. २१ जूनपासून प्रौढांना केंद्रावर थेट जाऊन फुकट लस मिळू लागली, तेव्हा कुठं रांगा खऱ्या अर्थानं पुढं सरकल्या.

आणि आशाताई. दोन्ही उन्हाळ्यांत प्रत्येक दारात पोचलेली सरकारची एकमेव प्रतिनिधी म्हणजे ती. तापमान मोजणं, ऑक्सिजन पाहणं, आलेल्या-गेलेल्यांची नोंद, लसीसाठी मनधरणी, शिवाय बाळंतिणी आणि लसीकरणाचं रोजचं काम होतंच. केंद्राकडून कोविडच्या कामाचे तिला मिळत होते महिन्याला १,००० रुपये. १५ जून २०२१ ला राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या आणि आठवडाभरानं, दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पाडून परतल्या. रोजगार हमीवरच्या मजुराला त्या वर्षी दिवसाला २४८ रुपये होते. आशाताईच्या कोविडच्या महिन्याच्या मोबदल्याची आणि या रोजाची तुलना वाचकानंच करावी.

६ ऑगस्ट २०२१ ला भंडाऱ्यातला शेवटचा उपचाराधीन रुग्ण घरी गेला आणि एकही सक्रिय रुग्ण नसलेला राज्यातला पहिला जिल्हा म्हणून भंडाऱ्याची बातमी झाली. तोवर जिल्ह्यात ५९,८०९ जण बाधित झाले होते आणि १,१३३ जण गेले होते. तिसरी लाट जानेवारीत यायची होती, पण ती उन्हाळ्याची गोष्ट नव्हे.

हे सगळे आकडे जिल्ह्याचे आहेत. करडीचं, पालोऱ्याचं, मुंढरीचं काय झालं ते कुठं लिहिलेलं असेल तर शाळेतल्या मुक्कामाच्या नोंदवह्यांत, आशाताईंच्या घरभेटीच्या रजिस्टरांत आणि रेशन दुकानाच्या पावत्यांत. कोण कधी आलं, कोणाला ताप होता, कोणी डबा पोचवला, हे त्यात शाईनं लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतींनी आणि आरोग्य केंद्रांनी ही दप्तरं रद्दीत घालू नयेत. गावातल्या शिक्षकांनी, नाहीतर त्या वेळी चिठ्ठ्या घेऊन फिरलेल्या पोरांनी ती एकदा उघडून, मोबाइलवर फोटो काढून तरी ठेवावीत.